उजव्या हाताची नखं

"मूठ उघडा," गुरुजी म्हणाले.

मी उघडली नाही. माहुलीच्या घाटावर, कृष्णेच्या पाण्याजवळच्या पायरीवर, मी उघड्या अंगानं बसलो होतो. अण्णांचा, माझ्या वडिलांचा, दहावा होता. डोक्यावरचे केस निघाले होते, मिशी निघाली होती. डाव्या हाताची नखं माझी कायमच कापलेली असायची, त्यामुळे दिनकर न्हाव्यानं तिथं नुसती नराणी टेकवली आणि सोडून दिली. उजवा हात मात्र मी मुठीत आवळून मांडीखाली घेतला होता.

"गुरुजी, ह्या हाताची नकोत."

"नकोत म्हणजे?"

"ही नखं मला लागतात."

मागं पायऱ्यांवर भाऊकी बसली होती. त्यातलं कोणीतरी म्हणालं, "लागत्यात? कशाला, खाजवायला?" दोघं-तिघं हसले आणि दहाव्याला आलोय हे आठवून गप्प झाले.

मी पुण्यात गिटार शिकत होतो आणि पोटापुरती शिकवतही होतो. सिनेमातली नव्हे, शास्त्रीय गिटार. ती उजव्या हाताच्या नखांनी छेडतात, निदान मला तरी तसंच वाटत होतं. अंगठ्याचं आणि तीन बोटांचं नख वाढवायचं, कानशीनं त्याला गोलाई द्यायची, बारीक पॉलिश पेपरनं घासून काचेसारखं गुळगुळीत करायचं. गावी आलो की पोरं म्हणायची, एका हातानं नवरी झालाय आणि दुसऱ्या हातानं नवरदेव. भात कालवताना आई माझ्या पानाकडं बघायची नाही. अण्णा तेवढे कधी काही बोलले नाहीत. ते ग्रामसेवक म्हणून रिटायर झाले होते आणि भेटेल त्याला सांगत होते, "आमचा धैर्यशील इंग्रजी वाद्य वाजवतो." त्यांनी मला कधी कार्यक्रमात ऐकलं नव्हतं, कारण माझा कार्यक्रमच कधी झाला नव्हता.

तो आता होणार होता, तेराव्यानंतरच्या शनिवारी. माझा पहिला, एकट्याचा. अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे सर्जेरावनाना, दोघं मिळून यायचं ठरलं होतं. अण्णांनी त्यासाठी नवा सदराही शिवून घेतला होता. तो सदरा शेवटी त्यांच्या अंगावर घालून त्यांना नेलं.

"धैर्यशील," यशवंत आजोबा मागून म्हणाले. भाऊकीत आता तेच सगळ्यांत थोरले. "नखं हायत ती. पंधरा दिसांत येत्यात. बाप येतो व्हय परत?"

याला खरं तर उत्तर नव्हतं. पण मी दिलं. तेही उठून, सगळ्यांकडं तोंड करून, शाळेत धडा शिकवावा तसं दिलं. म्हणालो, पुण्यात माझा मोठा कार्यक्रम आहे. स्पेनच्या एका कोपऱ्यात कॅटलोनिया नावाचा मुलूख आहे, तिथली लोकगीतं मी वाजवणार आहे. तिथल्याच एका संगीतकारानं पियानोसाठी लिहिलेली एक रचना आहे. पियानोवर दहा बोटांनी वाजवायचं ते मी सहा तारांवर वाजवणार आहे. त्यासाठी लागतात तेवढी नखं वाढायला महिने जातात.

"आणि नखांशिवाय हे संगीत वाजतच नाही," मी म्हणालो.

हे मी अगदी ठामपणे म्हणालो आणि परत पायरीवर बसलो. गुरुजी दर्भाची जुडी हातात घेऊन उभे राहिले. दिनकर नराणी धोतराला पुसत राहिला. यशवंत आजोबांनी मान दुसरीकडं फिरवली.

मग नाना पायऱ्या उतरून खाली आले.

नाना एसटीत ड्रायव्हर होते. सातारा-महाबळेश्वर रस्त्यावर त्यांना नावानं ओळखणारे थोडे, मिशीनं ओळखणारे सगळे. कानाकडं वळलेली, तुपाचं बोट फिरवलेली ती मिशी होती. स्टँडवर म्हाताऱ्या विचारायच्या, "मिशीवाल्याची गाडी लागली का?" आणि मिशीवाल्याची नसेल तर पुढच्या गाडीपर्यंत थांबायच्या. बोलता बोलता उजव्या हाताचा अंगठा आणि बोट मिशीच्या टोकाला नेऊन पीळ द्यायची त्यांना सवय होती. वळणावर हॉर्न द्यायच्या आधीसुद्धा एक पीळ द्यायचे म्हणे.

"पोरगं म्हंतंय वाजत न्हाई, तर वाजत नसंल," नाना म्हणाले. "आपल्याला त्यातलं काय कळतंय? उद्या मला कोण म्हणलं, स्टेरिंग सोडून गाडी चालीव, तर मी चालवीन का?"

"सर्जा, रीत हाय ही," यशवंत आजोबा म्हणाले.

"रीत हायच की तात्या. मी कुटं मोडतोय?" नाना माझ्या शेजारी येऊन टेकले आणि गुरुजींकडं बघून म्हणाले, "गुरुजी, पोराच्या नखांच्या बदली माजी मिशी घेतली तर चालंल का?"

आमच्यात मिशी काढतात ती आईबापासाठी. भावासाठी कोणी काढत नाही, आणि काढ म्हणून कोणी सांगतही नाही. गुरुजी गोंधळले. म्हणाले, "असं कुठं लिहिलेलं मला ठाऊक नाही. पण तुम्ही मनापासून देताय, तर मी नको कसं म्हणू?"

"नाना, नको," मी म्हणालो.

हे मी म्हणालो खरं. पण मूठ उघडली नाही. हे दोन्ही एकाच वेळी घडलं आणि नानांनी दोन्ही पाहिलं.

"नाना, इचार करा," दिनकर म्हणाला.

"तू चालीव रं."

दिनकरनं पाणी लावलं, वस्तरा लावला. मी खाली बघत होतो. पायरीवर ओल्या केसांचे दोन झुबके पडले, आधी एक, मग दुसरा. मान वर केली तेव्हा नानांच्या जागी कोणी वेगळाच माणूस बसला होता. उन्हानं रापलेल्या तोंडावर ओठाच्या वरची तेवढी पट्टी पांढरीफटक होती.

आंघोळी झाल्या, पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण खाली येईनात. भाऊकी एकेक करून हात जोडून बोलायला लागली. आत्या म्हणाली, वहिनीला अंतर देणार नाही. मी म्हणालो, आईला पुण्याला नेईन. कावळा हलला नाही. यशवंत आजोबा माझ्या मुठीकडं बघत होते. सगळ्यांच्या मनात काय आहे ते मला कळत होतं.

मग नाना पुढं झाले. "दादा," ते म्हणाले, "पोराच्या कार्यक्रमाला आपण दोघं जानार हुतो. आता मी एकटा जातो, पर म्होरच्या खुर्चीत बसून समदं ऐकतो. तुजा शबूद मी पुरा करतो."

कावळा आला आणि शिवला. बायका रडल्या. मला सुटल्यासारखं झालं. लाज तेव्हा वाटली नाही, हे इथं सांगितलं पाहिजे. तेव्हा मी मुठीत अंगठ्यानं एकेक नख चाचपून बघत होतो, कुठं टवका तर उडाला नाही ना.

*

पुण्याला परतल्यावर मी मिनेझिस सरांकडं रियाजाला बसलो. सर मूळचे मडगावचे, पण आयुष्य पुण्याच्या कॅम्पात गेलेलं. बायको गेल्यापासून एकटेच राहात, दोन खोल्या आणि तीन गिटार. पियानोची ती रचना त्यांनीच गिटारवर उतरवली होती. पियानोवर डावा हात खाली घंटेसारखे स्वर देत राहातो आणि उजवा वर गातो. ते दोन्ही एका माणसानं सहा तारांत बसवायचं म्हणजे काय सोडायचं आणि काय ठेवायचं हे कळावं लागतं. सरांना ते कळत होतं. एकच स्वर गिटारवर तीन ठिकाणी सापडतो. सर म्हणत, "स्वर तोच, पण घर वेगळं. कुठल्या घरातून बोलावतोस ते बघ."

दाखवताना सर स्वतः नखांशिवाय वाजवत. त्यांची नखं अगदी मुळापर्यंत कापलेली असायची. मला वाटायचं, वय झालं, ठिसूळ झाली असतील, वाढत नसतील. बोटांनी छेडलेला तो मऊ, जरा दबलेला आवाज ऐकून मला त्यांची थोडी कीवही यायची. मी कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला दात का नाहीत असं विचारतात का?

घाटावरचं मी त्यांना सांगितलं नाही. माझं तुळतुळीत डोकं बघून त्यांनी माझे खांदे धरले, आणि म्हणाले, "पुढं ढकलू या का?"

"नको सर. अण्णांची इच्छा होती."

नानांना मी फोन केला. "नाना, एवढ्या लांब कशाला येताय? रात्री परत जायला उशीर होईल."

"शबूद दिलाय."

"नाही आलात तरी अण्णांना कळेल हो नाना."

"दादाला कळंल रं. पर कावळ्यानं ऐकलाय न्हवं?" आणि हसले. मग म्हणाले, "लई मोठा हॉल हाय का? न्हाई, कुटं बसायचं ते आदी बगून ठेवतो."

मी 'मोठा कार्यक्रम' म्हणालो होतो. तो माझ्यासाठी मोठा होता. एका संगीतप्रेमी मंडळाची डेक्कनकडं वरच्या मजल्यावर लांबट खोली होती. भिंतीला लावलेल्या घडीच्या खुर्च्या कार्यक्रमापुरत्या उघडायच्या. खोटं मी बोललो नव्हतो. पण घाटावर ज्यानं त्यानं आपापल्या मनात जे थिएटर उभं केलं असेल, ते मी पाडलंही नव्हतं.

शनिवारी मी खोलीत पोचलो तेव्हा नाना आधीच येऊन बसले होते. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, मांडीवर पिशवी. पहिल्या रांगेत, मधोमध. मी क्षणभर ओळखलंच नाही त्यांना. मग त्यांचा हात ओठाजवळ गेला, अंगठा आणि बोट हवेतच एकमेकांना भेटले, आणि परत पिशवीवर आले. तेव्हा ओळखलं.

"मिशी नाही बघून काकू काय म्हणाली?" मी विचारलं.

"दार उघडून म्हणली, कोण पायजे?" नाना म्हणाले. "मग पदर लावला तोंडाला. हसली का रडली, मी काय बगितलं न्हाई." त्यांनी मागं वळून खोली पाहिली. मंडळानं साठेक खुर्च्या मांडल्या होत्या. "लोकं यायची हायत अजून?"

"हो, येतील."

वीस-बावीस आले. माझे चार विद्यार्थी, त्यांच्यातल्या एकाची आई, मंडळाचे नेहमीचे म्हातारे, शेवटच्या रांगेत मिनेझिस सर. वेळ उलटून गेली तरी मंडळाचे चिटणीस आणखी लोकांची वाट बघत थांबले होते, आणि त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये नाना अंग चोरून बसले होते. आमची नजरानजर झाली तशी ते जरा मोठ्यानं म्हणाले, "पुण्यात ट्रॅफिक लई वाढलीया. त्येच्यामुळं उशीर हुतोय लोकास्नी."

मला कानशिलापर्यंत लाज वाटली. ह्या एवढ्याशा खोलीसाठी.

शेजारच्या बाईंना ते सांगत होते, "पियानूवर धा बोटांनी वाजवायचं, ते आमचं पोरगं सा तारांवर वाजिवतंय. नखं लागत्यात त्याला. नखांबिगर वाजत न्हाई ते."

"तुमचा मुलगा का?" बाईंनी विचारलं.

"पुतन्या. दादाच्या बदली मी आलोय."

मी वाजवलं. चांगलं वाजवलं, हेही सांगितलं पाहिजे, कारण वाईट वाजवलं असतं तर पुढचं सोपं झालं असतं. कॅटलान लोकगीतं मी आधी घेतली. त्यातलं एक अगदी साधं, खेड्यातल्या बाईनं पोराला मांडीवर घेऊन म्हणावं असं. माझी नखं त्या दिवशी लखलखीत बोलत होती. प्रत्येक स्वर सुटा, टोकदार, मागच्या भिंतीपर्यंत जाणारा. पियानोची रचना शेवटी घेतली. खालच्या घंटा कुठं थांबू दिल्या नाहीत, वरचं गाणं कुठं तुटू दिलं नाही. शेवटचा झंकार विरला.

मग टाळ्या झाल्या. वीस माणसांच्या वीस टाळ्या. नाना उभे राहिले. एकटेच उभे राहून जोरजोरात वाजवत राहिले आणि मागं वळून लोकांकडं बघायला लागले, तुम्ही का उठत नाही म्हणून. एक-दोघे बिचारे उठले.

*

चहा झाला. लोक पांगले. चिटणीस खुर्च्या मिटवून भिंतीला लावत होते. मी गिटार पेटीत ठेवणार, तेवढ्यात नाना मिनेझिस सरांच्या पुढं जाऊन हात जोडून उभे राहिले.

"तुमी गुरुजी याचे?"

"मी बसतो त्याच्याबरोबर, एवढंच," सर म्हणाले. "तुमचा मुलगा तयारीचा आहे."

"पुतन्या. सर, एक इचारू का? ह्येच्या नखांचं बराबर हाय न्हवं? काय कमी तर न्हाई पडली?"

"नाना, चला, तुमची गाडी चुकेल," मी म्हणालो.

"गाडी काय, धा मिंटाला हाय. सर, सांगा."

"नखं?" सरांना समजेना. "नखं ही त्याची आवड आहे. पुष्कळ लोक वाढवतात. मी नाही वाढवत."

"तुमची येत न्हाईत म्हणून ना?"

सर हसले. "येतात ना! खूप येतात. मी रोज कापतो." त्यांनी आपला उजवा हात नानांपुढं पालथा धरला. "माझ्या गुरूंनी तसं शिकवलं. त्यांना शिकवणारा माणूस तिकडचा होता, त्याच मुलखातला. तिथं अशी एक पद्धत होती, नखं मुळापर्यंत कापायची आणि बोटाच्या मांसानं वाजवायचं. म्हणायचे, नख आपल्या आणि तारेच्या मध्ये येतं."

मी सरांकडं डोळे वटारून बघत होतो, मान हलवत होतो. त्यांचं लक्ष नव्हतं. शिकवायला लागले की त्यांचं कुठंच लक्ष नसायचं.

"म्हंजी," नाना सावकाश म्हणाले, "त्या लोकांचं गानं, ते लोकच नखांबिगर वाजिवत्यात?"

"काही जण. सगळे नाही. थांबा, ऐकवतो."

सरांनी माझ्या हातातून गिटार घेतली, एका न मिटलेल्या खुर्चीवर बसले आणि तेच साधं लोकगीत वाजवलं, मी मघाशी वाजवलेलं.

आवाज लहान होता. मागच्या भिंतीपर्यंत नसता गेला. पण त्यात कुठं टोक नव्हतं. स्वर सुरू कधी झाला ते कळत नव्हतं, तो आधीपासूनच खोलीत होता आणि सरांनी फक्त त्याला जागं केलं असं वाटत होतं. मी तेच गाणं वाजवलं तेव्हा लोकांनी गिटार ऐकली होती. आता कोणीतरी गुणगुणत होतं. ज्या आवाजाची मी वर्षानुवर्षं कीव केली, तो मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

चिटणीस खुर्ची हातात धरून उभे राहिले. नानांचा हात वर गेला, ओठाजवळ पोचला, आणि तिथंच थांबला. त्या पांढऱ्या पट्टीवर त्यांनी एकदा बोट फिरवलं.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मला तर नुसतं दिसेनासं व्हायचं होतं.

"मला तुम्ही कधी सांगितलं नाहीत, सर," मी म्हणालो. माझा आवाज तक्रारीचा निघाला.

"तू कधी विचारलं नाहीस, बाबा. आणि तुझी नखं बघून वाटायचं, एवढ्या प्रेमानं वाढवली आहेत, कशाला बोला?" सरांनी गिटार परत दिली आणि नानांना विचारलं, "पण तुम्ही नखांचं का विचारलंत?"

आता नाना सांगणार. घाट, गुरुजी, भाऊकी, मूठ, सगळं.

"काय न्हाई, सहज," नाना म्हणाले. "गावाकडं हसत्यात लोकं पोराच्या नखांस्नी. म्हणलं, इचारून घ्यावं."

*

रिक्षानं आम्ही स्वारगेटला आलो. स्टँडवर साताऱ्याची गाडी लागली होती. ड्रायव्हर नानांच्या ओळखीचा निघाला, त्यानं दोनदा बघून मग ओळखलं, आणि म्हणाला, "आयला नाना, मिशी कुटं टाकून आलाव?"

"किसनाबाईच्या पान्यात," नाना म्हणाले आणि हसले.

मी त्यांची पिशवी धरून उभा होतो. "नाना, मला खरंच माहीत नव्हतं."

"आरं मग मला तरी कुटं म्हाईत हुतं?"

"मी सगळ्यांसमोर तसं म्हणालो..."

"म्हणलास. वाटलं तुला म्हणून म्हणलास. मिशीचं काय घिऊन बसलाईस? येती ती परत."

"नखंही येतात, नाना," मी म्हणालो.

नानांनी पिशवी घेतली, गाडीत चढले, खिडकीपाशी बसले. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी काच सरकवली आणि मला जवळ बोलावलं.

"सरांनी शेवटाला वाजिवलं ते शिक," ते म्हणाले. "वर्षसराधाला दादाच्या फोटूपुढं वाजीव. आन् हे बग, भाऊकीत काय बोलू नगंस. कोण इचारलं तर मी सांगतो, नखांबिगर वाजतच न्हाई ते. मी सवता ऐकून आलोय."

गाडी निघाली. मी स्टँडवर उभा राहिलो, तोंडावर हात घेऊन. तो उजवा हात होता आणि नखं गालाला टोचत होती. घरी जाऊन ती कापली. कापताना मला वाटलं की काहीतरी फेडतोय. तसं काही नव्हतं, हे पुढं कळलं.

*

नखांशिवाय वाजवायला मला जवळजवळ नव्यानं शिकावं लागलं. बोटांच्या टोकांना फोड आले, मग घट्टे पडले, मग ते घट्टे मऊ व्हावे लागले. सर काही विचारत नव्हते. वर्षश्राद्धाला गिटार घेऊन गावी गेलो तेव्हा ते एक गाणं मला थोडंफार यायला लागलं होतं.

अंगणात भाऊकी जमली होती. नानांची मिशी आली होती, पण ती पूर्वीची नव्हती; विरळ, बरीचशी पांढरी, कानाकडं न वळता ओठावरच पडून राहिलेली. स्टँडवर आता कोणी मिशीवाल्याची गाडी विचारत नव्हतं म्हणे.

यशवंत आजोबा ओट्यावर बसले होते. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"सर्जा सांगत हुता," ते म्हणाले. "वरीसभर सांगतोय. लई भारी वाजिवलंस म्हणं. हॉल निस्ता भरून गेल्याला. आन् नखांबिगर ते खरंच वाजत न्हाई म्हणं. आमी अडानी मानसं रं. त्या दिशी घाटावर लई बोललो तुला. मनात ठेवू नगंस."

मी गिटारची पेटी भिंतीला टेकवून ठेवली.

"बगू दे तरी," आजोबा म्हणाले आणि हात पुढं केला. "बगू दे ती नखं. आमच्या सर्जाची मिशी खाल्ली त्यांनी."

मी उजवा हात मागं घेतला. मूठ आपोआप मिटली, माहुलीला मिटली होती तशीच घट्ट. फरक एवढाच, की तेव्हा आत नखं होती.

नाना कुठून आले कोण जाणे. "तात्या, पानं वाढल्याती, चला आदी," म्हणत त्यांनी आजोबांना दंडाला धरून उठवलं. जाता जाता माझ्या कानाशी म्हणाले, "कापलीस व्हय? आरं गाढवा, झाक ती बोटं. समदी भाऊकी हाय."

पंगतीला मी बसलो असतो तर समोरच्याला दिसलंच असतं. नानांनी माझ्या हातात आमटीची बादली दिली आणि मला वाढायला उभं केलं. वाढणाऱ्याच्या हाताकडं कोण बघतो, सगळे पानाकडं बघतात. यशवंत आजोबांच्या पानाशी आलो की नाना मोठ्यानं काहीतरी विचारायचे आणि आजोबा मान वळवायचे. ज्या माणसानं माझी नखं वाचवली, तोच आता ती नाहीत हे लपवत पंगतभर धावत होता.

जेवणं झाली. लोक अंगणात पान-सुपारीला बसले. नानांनी मला आणि आईला आतल्या खोलीत घेतलं, जिथं अण्णांचा फोटो होता, आणि दार लोटून आतून कडी घातली.

"वाजीव आता," ते म्हणाले. "हळू पर. तात्या ओट्यावर बसलाय."

मी वाजवलं. सरांसारखं नाही, पण त्या वाटेनं. आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं पहिल्यांदाच माझ्या हाताकडं नीट पाहिलं. नाना दाराला पाठ लावून बसले होते. मधेच त्यांनी फटीला कान लावून बाहेरचा अंदाज घेतला, आणि माझ्याकडं बघून मान हलवली, चालू दे म्हणून. आवाज बाहेर जात नव्हता.